सुलभाचं जड गाणं

चि. ईरा आणि नील,

मागच्या रविवारी फोनवर बोलताना माझ्यामागे चाललेला आवाज तुम्ही ऐकलात आणि हसलात. नीलला वाटलं की शेजारी ड्रिलिंग चाललंय. ईराने ते ओळखलं, आणि आजी थ्रॅश मेटल, म्हणजे ते सगळ्यात वेगाचं आणि कर्कश रॉक, ऐकते हे मैत्रिणींना सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं म्हणाली. त्या दिवशी मी विषय बदलला, कारण सांगायला बसले असते तर नीट सांगता आलं नसतं. आज क्रमाने लिहिते आहे.

ते गाणं मला सुलभा परबने दिलं. सुलभा आता नाही. दोन महिन्यांपूर्वी कुडाळजवळच्या तिच्या गावाहून निरोप आला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, पण तुमच्या बाबाला तिने भूमिती शिकवली आहे. त्याला विचारा, अजून घाबरेल.

गिरगावातल्या आमच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि नंतर पर्यवेक्षिका झाले. सुलभा गणिताची शिक्षिका, माझ्याहून बरीच लहान. खळ घातलेल्या सुती साड्या, घट्ट वेणी आणि चष्म्याच्या डबीत खडूचे तुकडे. वर्गात तिचा आवाज कधीच चढला नाही. मुलं दंगा करू लागली की ती अजून हळू बोलायची, आणि प्रमेय हुकेल या भीतीने मुलं गप्प व्हायची. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या खिडकीपाशी बसून ती वह्या तपासायची. दोन्ही कानांत इअरफोन, चेहरा देवळात बसल्यासारखा शांत. ती अभंग ऐकत असणार असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो, कारण तिचे वडील परब बुवा डबलबारीचे नावाजलेले भजनी बुवा होते. डबलबारी म्हणजे कोकणी माणसांचा भजनाचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं, एकाने गावं आणि दुसऱ्याने त्याला गाण्यातच उत्तर द्यावं. लालबाग-परळच्या मैदानांत त्यांच्या बाऱ्यांना माणूस मावत नसे.

एकदा मी तिला विचारलं की आज बाबांचं कुठलं भजन चाललंय. तिने एक इअरफोन काढून मला दिला. पत्र्याच्या छपरावर कुणी खडी ओततंय आणि त्याच वेळी कुणीतरी जीव खाऊन भांडतंय, असं मला वाटलं. मी तो लगेच परत केला. ती रागावली नाही. म्हणाली, "बाई, पहिल्यांदा फक्त ड्रमकडे लक्ष द्या. बाकीचे तिघे काय करतात ते बघूच नका. मग एकेकाला आत घ्या."

मी तिचं ऐकलं, कारण हेच मी मुलांना लांबलचक इंग्रजी वाक्यांबद्दल सांगत असे. आधी क्रियापद शोधा, बाकीचं मग. पुढे काही दिवस मधल्या सुट्टीत आमचा हाच उद्योग चालला. ड्रम समजला. मग गिटार वाजवणारा उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून ठेवतो आणि त्यामुळे सूर घोड्याच्या टापांसारखा तुटक, बंद येतो, हे समजलं. मग ते चौघे भन्नाट वेगाने जाताना एकाच क्षणी वळतात, हे ऐकू आलं. मी तिला म्हटलं की हा गोंगाट आहे असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "गोंगाटात कुणी कुणाचं ऐकत नसतं. हे चौघे सारखे एकमेकांचं ऐकतायत. नाहीतर या वेगात आपटले असते."

शब्दांसाठी मी हट्ट धरला. तिने घरून कॅसेटमधला घडीचा कागद आणला. मला वाटलं होतं, शिव्या असतील. होती युद्धं, अणुबॉम्ब, खोटी न्यायालयं, वेडाच्या इस्पितळात कोंडलेली माणसं. मी सवयीने व्याकरणाच्या दोन चुका काढल्या. ती म्हणाली की बाई, ओरडणाऱ्याचं व्याकरण तपासायचं नसतं, तो का ओरडतोय ते बघायचं असतं. एवढं सांगून कागद परत घडी घालून ठेवला, जुनी पोथी ठेवतात तसा.

हे वेड तिला लागलं गिरगावातल्याच खोताच्या वाडीत. परबांच्या दोन खोल्या वाडीला लागून असलेल्या चाळीत होत्या. समोरच्या लाकडी घरातला मेल्विन गणितात सारखा नापास व्हायचा. सुलभा तेव्हा कॉलेजात होती, ती त्याला शिकवायला जायची आणि त्याबदल्यात त्याच्या कॅसेट ऐकायची. मेल्विन कॅनडाला गेला, कॅसेट हिच्याकडे राहिल्या. मेल्विन पास झाला का, असं मी विचारलं होतं. तो पास झाला आणि मी वाया गेले, असं बाबांचं मत आहे, असं ती म्हणाली.

सुलभाला मोठा आवाज मुळीच खपत नसे, हे कुणाला खरं वाटायचं नाही. मिरवणुकांतले डीजेचे ट्रक गल्लीत शिरले की ती खिडक्या लावून बसायची. "हा आवाज नुसता मोठा आहे, जड नाही," असं म्हणायची. मोठा आणि जड यातला फरक तिने मला पुष्कळदा समजावला. जड गाणं हळू लावलं तरी जडच राहतं, मोठं गाणं हळू केलं की उरतच नाही. ती स्वतः नेहमी हळू आवाजात ऐकायची. आणि लावलेलं गाणं अर्ध्यात कधी बंद करायची नाही. मुख्याध्यापकांचा शिपाई बोलवायला आला तरी बोट वर करून त्याला थांबवायची.

एकदा शाळेच्या सहलीत नववीतला एक मुलगा काळा टी-शर्ट घालून आला. त्यावर कवटी, ज्वाळा आणि एका बँडचं नाव. मी पर्यवेक्षिका, तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. सुलभा मागून आली आणि यांचं कुठलं गाणं तुला आवडतं, असं तिने अगदी मायेने विचारलं. त्याला एकही माहीत नव्हतं. तिने आणखी दोन सोपे प्रश्न विचारले, तेही गेले. मग म्हणाली, "उलटा घाल. ऐकशील तेव्हा सुलटा कर." दिवसभर तो मुलगा शिवणी बाहेर काढून हिंडला. पुढे तोच तिच्याकडे गाणी मागायला येऊ लागला.

आता थोडं तुमच्या आजोबांबद्दल. ते गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळे चांगलेच होते. कुणी मंद बासरी लावून ठेवली होती, कुणी मला सारखं शांत व्हा म्हणत होतं. मी शांतच होते, तीच अडचण होती. सुलभा रोज यायची, चहाचे कप विसळायची आणि जायची. पंधरवडा उलटल्यावर एका दुपारी ती मला आपल्या घरी घेऊन गेली. बुवा बाहेरच्या खोलीत झोपले होते. आतल्या खोलीत तिने मला जमिनीवर बसवलं आणि एक गाणं लावलं. ते वेगाचं नव्हतं. फार सावकाश चाललेलं, एकेक सूर गोणीसारखा खाली ठेवलेला. ती म्हणाली की बासरी दुःखाला थोपटते, पण एवढं मोठं दुःख थोपटून घेत नाही, त्याला त्याच्या मापाचं काहीतरी लागतं. ते संपेपर्यंत ती माझ्याकडे पाठ करून डाळ निवडत बसली. मी काय केलं ते लिहीत नाही. घरी आल्यावर त्या रात्री मला झोप लागली.

सुंदर म्हणजे गोड असं मी शिकले होते आणि शिकवतही होते. त्या दुपारनंतर शिकवलं नाही.

सुलभाचं स्वतःचं दुःख एकच होतं, आणि ते तिने एकदाच बोलून दाखवलं. बाबांनी तिचं एक गाणं, फक्त एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. आवडावं अशी अट नव्हती. तरुणपणापासून तिने कितीदा तरी त्यांना विनवलं होतं. बुवा पहिल्या ओळीलाच हात झटकायचे. ही लोखंड घासणारी माणसं आहेत, डोक्यात राख घालून वाजवतात, असं म्हणायचे. देवाच्या नावासाठी ज्यांनी गळा झिजवला त्यांना ते सगळं म्हणजे नुसता राग, संताप वाटत होता, आणि घरात राग नको होता.

या खंतीच्या खाली आणखी एक जुनी गोष्ट होती. बुवांनी पखवाज शिकवला तो मुलाला, प्रदीपला. सुलभाने लहानपणी हात लावला तेव्हा, "पखवाज चेडवांचा काम न्हय," मुलींचं हे काम नाही, असं सांगून तिला उठवलं होतं. तिच्या वाट्याला आली कणीक. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात, त्या वजनाने खर्ज येतो, आणि वाजवून झालं की ती खरवडून काढतात. कणीक सैल झाली तर आवाज पसरतो, जास्त झाली तर मरतो. लहानपणापासून प्रत्येक बारीच्या आधी ती कणीक सुलभाने मळली. तिच्या हाताला त्या खर्जाचं माप होतं, वाजवायचे ते दुसरे. प्रदीप नोकरीसाठी नाशिकला गेला आणि पखवाज सुटला. मग मंडळात संतोष नावाचा तरुण वाजवू लागला. सुलभा कणीक मळतच राहिली. बुवा गावी गेले की दार लावून ती स्वतः वाजवायची, हे मला माहीत होतं. बुवांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

बुवा नव्वदीला टेकले तेव्हा घरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आता उठणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बुद्धी लख्ख होती, गाण्याचा आवाज गेला होता. एकदा मंडळाचं भजन ऐकायचं आहे, एवढी इच्छा त्यांनी सांगितली. म्हणून एका रविवारी दुपारी मंडळ घरी आलं. सगळे साठी-सत्तरीचे. झांजा घेतलेले सखाराम काका बुवांच्या पहिल्या बारीपासूनचे. मीही गेले होते. दाटीवाटीने बसलो. सुलभाने कणीक थापून पखवाज मध्ये ठेवला, आणि तेवढ्यात संतोषचा फोन आला की कामावर अचानक थांबवून घेतलंय, येता येत नाही.

पखवाजाशिवाय भजन म्हणजे चुलीशिवाय स्वयंपाक. सखाराम काका म्हणाले की नुसत्या टाळांवर करूया. बुवांनी मान भिंतीकडे वळवली. सुलभा आत गेली, हात पुसून बाहेर आली, आणि कुणाला न विचारता पखवाजामागे मांडी घालून बसली. बुवांकडे तिने पाहिलं नाही.

सुरुवात सावकाश झाली. हात बिचकत होते, पण ठेका धरलेला होता. मग गजर आला, म्हणजे देवाचं नाव पुन्हापुन्हा घेत लय वाढवत नेतात तो भाग. लय चढली, दुप्पट झाली, म्हातारे झांजवाले घामाघूम झाले. आणि अगदी टोकाला, समेच्या म्हणजे फेरीच्या पहिल्या ठोक्याच्या आधी, सुलभाचे दोन्ही हात थांबले. पखवाज एकदम गप्प. झांजा एकट्याच पुढे धडपडल्या. मग सम तिने अशी टाकली की भिंतीवरची भांडी वाजली. मला तो थांबा ओळखू आला. तिच्या इअरफोनमध्ये मी तो कितीदा ऐकला होता. पुढच्या फेरीला तिने तेच केलं, आणि या वेळी सगळ्या झांजाही थांबल्या. भरलेली खोली क्षणभर श्वास न घेता बसली आणि सगळे एकत्र खाली आले. सखाराम काका हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

बुवांनी मान भिंतीकडून तिच्याकडे वळवली होती. "डावो हात जड ठेव," एवढंच म्हणाले.

गुरू शिष्याला सांगतो तसं त्यांनी ते सांगितलं. सुलभाने हात जड ठेवला.

चहा पिऊन मंडळ गेलं. मी कप गोळा करत होते. बुवांनी तिला जवळ बोलावलं आणि ता थांबणा खयसून हाडलंस, म्हणजे ते थांबणं कुठून आणलंस, असं विचारलं. तिने मान खाली घालून सांगितलं, "बाबा, तुमी जा आयकनास नाय, त्यातसून."

बुवांनी आपल्या कानाकडे बोट केलं. मग म्हणाले, "लाव."

तिने इअरफोन त्यांच्या कानांत नीट बसवले. बटण दोनदा चुकलं. मी जायला निघाले तर तिने डोळ्यांनीच थांबा म्हटलं. गाणं लांब होतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. चादरीवरच्या त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो आधी नुसता पडून होता. दर क्षणी मला वाटत होतं, आता उचलेल आणि कानातून काढून टाकेल. एकदा उचललाही. सुलभाने डोळे मिटले. पण हात कानाकडे गेला नाही, चादरीवर परत आला, आणि तर्जनी हळूहळू मोजू लागली. मग तळवा उठला, हवेत थांबला आणि पडला. आम्हाला गाणं ऐकू येत नव्हतं, पण सुलभाला ते तोंडपाठ होतं. ती माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "सम बरोबर पकडली, बाई. पहिल्यांदा ऐकून."

गाणं संपल्यावरही त्यांनी इअरफोन लगेच काढू दिले नाहीत. पुढे काही आहे का, याची वाट बघत होते. मग विचारलं की ह्येंच्यात पेटी खय असा. पेटी नसते, असं तिने सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

"माका वाटला होता, हे रागान वाजयतत," ते म्हणाले. "रागान इतका नेमका वाजवक येना नाय."

सुलभाने इअरफोनची वायर गुंडाळली, सुटली, पुन्हा गुंडाळली. मी जिना उतरले तेव्हा तिच्या रडण्याचा आवाज नव्हता. चाळीत माणसं असतात, त्यांना ऐकू जाईल असं रडणारी ती नव्हतीच.

बुवांनी त्यानंतर दुसरं गाणं मागितलं नाही आणि तिने लावलंही नाही. सव्वा महिन्याने ते गेले, सकाळी, झोपेतच. कार्य गावी होतं, त्यासाठी सुलभा लगेच गावच्या घरी गेली आणि तिथेच राहिली. आम्ही फोनवर बोलायचो, ती गाण्यांची नावं सांगायची, मी ऐकून कळवायचे. माझे गुडघे आणि तिचं गाव, यामुळे जाणं झालं नाही. तेव्हा मी तिला शेवटचं पाहिलं ते बुवांना नेलं त्या दिवशीच.

मंडळ भजन करत पुढे चाललं होतं. प्रदीप विस्तवाचं मडकं धरून सगळ्यांच्या पुढे. खाली चाळीच्या दारात सुलभा पखवाज गळ्यात अडकवूनच उतरली होती. विचारायचं धैर्य कुणाला झालं नाही. गिरगावच्या गल्ल्यांतून चंदनवाडीच्या स्मशानापर्यंत ती वाजवत गेली. दुकानदार बाहेर येऊन हात जोडत होते, आणि हात जोडता जोडता वाजवतंय कोण ते बघत होते. आम्ही बायका मागून चालत होतो.

स्मशानाच्या फाटकाशी त्यांच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी हात आडवा करून बायकांना मागे फिरायला सांगितलं. आम्ही थांबलो. सुलभाचे हात चालूच होते. तिची नजर तिरडीवर होती, तिला काही ऐकू गेलं नसावं. संतोष चटकन पुढे झाला. त्याचं मन चांगलंच होतं. आता आत मी घेतो ताई, असं म्हणत त्याने पखवाजाच्या पट्ट्याला हात घातला.

सखाराम काकांनी झांज न थांबवता कोपराने त्याला मागे सारलं.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "बुवांनी आयकलेला असा तिचा."

संतोषने हात मागे घेतला. वडीलधारे बाजूला झाले की गर्दीने झाले, ते मला दिसलं नाही. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, मान डावीकडे कललेली, अशी सुलभा त्या सगळ्या पुरुषांच्या मधून वाजवत आत गेली.